सरकारी बांगडी

३ नोव्हेंबर, सोमवार. वडगाव रासाई

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. वय एक्कावन्न, हुद्दा ‘फील्ड व्हेरिफायर’. सणसवाडीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. लाइन बंद पडल्यावर घरी बसलो, आणि तिसऱ्याच दिवशी बायकोनं मला रिजेक्टच्या ट्रेत टाकलं. सुषमा म्हणाली, तुम्ही आता कुकरच्या शिट्ट्याही तपासायला लागलात, त्यापेक्षा कुठंतरी लांब जाऊन मोजा काय मोजायचं ते. म्हणून हे भीमाकाठचं गाव.

काम मजेशीर आहे. पुण्याच्या एका कंपनीनं गावातल्या साठ जणांच्या मनगटावर पट्टे बांधायचं ठरवलंय. पट्टा दिवसभराची पावलं मोजतो, किती कॅलरी जळल्या ते सांगतो आणि आतल्या सिममधून आकडा कंपनीला परस्पर कळवतो. पट्टा खरं बोलतो का, हे मी पाहायचं. त्यासाठी मला अंगठ्यानं दाबायचं एक यंत्र दिलंय. एका पावलाला एक टिक. माणसामागं चालायचं आणि टिकटिक करत राहायचं. सरकारी खर्चानं नसलं तरी पगारी हेरगिरी.

खोली हौसराव आबांची. पुढची खोली, मागं स्वयंपाकघर. पुढचं दार आहे, पण त्याला बाहेरून आबांची खताची पोती टेकलेली. त्यामुळं ये-जा स्वयंपाकघरातून. पाहुणा चुलीपाशी येऊनच आत शिरतो, असं घर मी पहिल्यांदा पाहिलं. सवयीप्रमाणं अंतर मोजलं: स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंत नऊ पावलं.

भाकरीची सोय आबांनीच लावली. अनसाबाई म्हणून धनगरवाड्यावरच्या, साठीच्या आसपास. मी सकाळी फेरीवर गेलो की येतील, चार भाकऱ्या थापून दुरडीत झाकून जातील. कडीला कुलूप लावायचं नाही, एवढीच अट. मला गाव आवडलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पट्टे वाटले. बायकांनी त्याचं नाव ‘सरकारी बांगडी’ पाडलं. सरकारचा काही संबंध नाही, असं मी तीनदा सांगितलं. यावर एकीचं म्हणणं, फुकट देतंय आन् काढू नका म्हनतंय, म्हंजी सरकारच.

नियम सोपा. दिवसाला पाच हजार पावलं. रोज संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी येते. पाच हजार भरले तर नाव हिरवं, नाही भरले तर लाल, आणि लाल नावापुढं ‘निष्क्रिय’ असा शिक्का. कंपनी याला प्रोत्साहन म्हणते.

आजच्या यादीत पहिला नंबर आबांच्या सत्यजीतचा. चौदा हजार दोनशे. शेवटचा नंबर अनसाबाईंचा. सतराशे तीस.

मी सत्यजीतला दिवसभरात ट्रॅक्टरवरून उतरताना दोनदाच पाहिलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सव्वीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. माल रिजेक्ट करण्याआधी गेज, म्हणजे मापाचं साधन, तपासा. गेजच खोटं असेल तर चांगला माल भंगारात जातो. म्हणून या आठवड्यात गेज तपासलं.

सत्यजीतशेजारी ट्रॅक्टरवर बसून नदीच्या रस्त्यानं गेलो. खड्डे एवढे, की माझे दोन्ही पाय हवेत आणि पट्टा म्हणतोय, शाबास, चाला. पाराखाली रमी खेळणारे चौघं: पत्ते पिसून पिसून प्रत्येकी तीन हजार. त्यातल्या एकाला कॅलरी जास्त जळाल्या म्हणून ग्रुपवर टाळ्या मिळाल्या. त्यानं त्या मान खाली घालून स्वीकारल्या.

मग अनसाबाई. पहाटे पाचपासून त्यांच्यामागं फिरलो. गोठा, पाणी, दुसऱ्याच्या उसात तोडणी, आणि दोनदा नदीकाठच्या फडातून वाढ्याचा भारा. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना घालतात. ओला भारा सहज पंचवीस किलोचा. तो डोक्यावर घेतला की दोन्ही हात वर, भाऱ्याला धरलेले. हात हलत नाहीत. पट्टा हाताला, पाय खाली. पट्ट्याला पायांची खबर लागतच नाही. भारा घेऊन त्या नदीपासून माझ्या दारावरून गेल्या, माझ्या यंत्रावर दोन हजार आठशे सोळा. पट्ट्यावर शून्य.

दिवसाअखेर माझा आकडा अकरा हजार सहाशे चाळीस. पट्ट्याचा सतराशे साठ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मग हे सतराशे तरी कुठून येतात? आज फेरीवर न जाता स्वयंपाकघरात बसलो. अनसाबाईंनी परातीत गोळा ठेवला, थप थप सुरू केलं, आणि पट्टा मोजायला लागला. एका भाकरीला बावीस पावलं. दुसरीला बावीस. चौथीलाही बावीस. बाकीचे असेच, घरच्या भाकऱ्यांचे आणि तोडणीच्या हाताचे. बाईचा हात असा बसलेला की आमच्या कारखान्यातल्या प्रेसला लाज वाटावी. एका जागी बसल्या असताना त्या चालतायत, आणि भारा घेऊन पाऊण तास चालल्या तेव्हा उभ्या होत्या. असा हा हिशेब.

कॅलरीचा विनोद वेगळाच. पट्ट्याच्या मते बाई दिवसाला अकराशे वीस कॅलरी जाळतात. खातात त्याच्या दुप्पट, मी स्वतः लिहून घेतलंय. म्हणजे आठवड्याला किलोभर वजन वाढायला हवं. माझ्या काट्यावर उभं केलं: एक्केचाळीस किलो. सगळा पुरावा काट्यावर उभा होता, काष्टा खोचून.

त्यांना हसू आलं नाही. ग्रुपवर पोरं त्यांना ‘बसलेली म्हातारी’ म्हणतात, हे सून पूनमनं सांगितलं होतं. अनसाबाई म्हणाल्या, सासऱ्याच्या मेंढरांमागं आमी कोकनापतुर चालत जायचो सायेब, पाठीवर पोर आन् डोक्यावर बिऱ्हाड. आन् आता ह्यो रबरी तुकडा मला बसलेली म्हनतोय. मग सरळ विचारलं, तुमच्या हातातलं टिकटिक खरं का माझ्या हातातलं?

मी म्हणालो, कंपनी तुमच्या हातातलं धरते.

कंपनी काय धरते ते न्हाई इचारलं, म्हणाल्या. मग त्यांनीच तोड काढली. एक दिवस सगळ्यांदेखत नदीपास्नं भारा घिऊन तुमच्या टेबलापतुर येते. तुमी मोजा. सत्यजीतलाबी बसवा. आन् मंग खरं लिवा.

मी हो म्हणालो. सोमवारी करू म्हणालो.

जाताना पूनम दारात आली होती. आत्याबाईंना न्हाई जमलं तर मी हाय, तुमच्या भाकरीचं अडनार न्हाई, म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याच्या रुपाली मॅडमचा फोन. माझा अहवाल त्यांनी वाचला नव्हता, पण त्याच्या लांबीवर नाराज होत्या. ट्रॅक्टर, पत्ते, भारा, भाकरी, सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, हा ग्रामीण भागातला युजर बिहेवियर आहे, डिव्हाइसचा दोष नाही. भारा डोक्यावर घेऊ नका, असं सांगता येईल का त्यांना?

कुठं घ्यावा, तेही कळवा, असं मी म्हणालो. त्या क्षणभर खरंच विचारात पडल्या.

मग मुद्द्यावर आल्या. आज प्रमाणपत्र जायलाच हवं: ‘यंत्राचे आकडे प्रत्यक्ष मोजणीशी जुळतात.’ खाली माझी सही. नाही गेलं तर गावातलं केंद्र बंद, आणि माझी परत सुषमाच्या ट्रेत रवानगी. ते त्या बोलल्या नाहीत, ते मीच बोललो मनात.

सही केली. रजिस्टरमध्ये अनसाबाईंपुढं पट्ट्याचा आकडा लिहिला. निष्क्रिय.

त्या दुपारी आल्या होत्या. आज सोमवार हाय, म्हणाल्या. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, रजिस्टरकडं बघितलं. वाचता येत नाही त्यांना. पण लाल शाई ओळखता येते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अनसाबाई गेल्या.

तीन दिवस सगळं काम उरकून भर दुपारी नदीच्या रस्त्यानं मोकळ्या हातांनी चालत होत्या, हात जोरजोरात हलवत. कुणी विचारलं की म्हणायच्या, बांगडीला चारा घालते. आज बाभळीखाली बुंध्याला टेकून बसलेल्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय.

संध्याकाळी नेहमीप्रमाणं यादी आली. अनसाबाई, पाच हजार चार. नाव हिरवं. पुढं फुलांचं चित्र. अभिनंदन.

ग्रुपवर दोघांनी अंगठे टाकले. मग कळलं असेल, काढून घेतले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनसाबाईंचे मालक ज्योतिबा, त्यांच्या घरात पुरण्याची रीत आहे. नदीकाठी त्यांची जागा आहे, तिथं नेलं. नवऱ्यामागं न राहता सवाशीण गेली म्हणून बायकांनी कपाळभर कुंकू लावलं, दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. डाव्या मनगटावर पट्टा तसाच. कंपनीच्या यादीप्रमाणं तो मी परत घ्यायला हवा. पूनमला हळूच विचारलं. ती म्हणाली, सवाशिनीच्या हातातली बांगडी काढत्यात व्हय? चुडा पट्ट्याच्या वर सरकला आणि तो झाकला गेला.

ज्योतिबा माझ्याजवळ आले. लई मनात हुतं तिच्या, तुमी मोजावं म्हनून, एवढंच म्हणाले.

रजिस्टरमध्ये लिहिलं: पट्टा क्र. १७, हरवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तीन दिवस आबांकडं जेवलो. आज फेरीवरून परतलो तर दुरडीत चार भाकऱ्या, फडक्याखाली, गरम. पूनमनं शब्द पाळला. घरात दुःख असताना माझी आठवण ठेवली. खाताना लाज वाटली, पण खाल्ल्या.

संध्याकाळच्या यादीत पट्टा क्र. १७. अठ्ठ्याऐंशी पावलं.

मातीत ओल जाते, यंत्र बिघडतं. गेज खोटं आहे हे मी सगळ्यांत आधी सांगितलंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल अठ्ठ्याऐंशी. आज अठ्ठ्याऐंशी. बॅटरी सहा दिवसांची असते. अॅपमध्ये पूर्ण भरलेली दाखवतंय.

रुपाली मॅडमना कळवलं, वापरणारी बाई हयात नाही. त्या म्हणाल्या, पण डिव्हाइस अॅक्टिव्ह आहे ना सर? बरं चाललंय की. मी म्हणालो, मॅडम, बाईंना पुरलंय. त्या म्हणाल्या, तसा ऑप्शन फॉर्ममध्ये नाहीये, ‘इतर’ निवडा.

‘इतर’ निवडलं. पुढचा प्रश्न आला: युजर सेवेबाबत समाधानी आहे का?

विनोद म्हणून एक गणित केलं. नदीपासून माझ्या दारापर्यंत दोन हजार आठशे सोळा पावलं. रोज अठ्ठ्याऐंशी. बरोब्बर बत्तीस दिवस. म्हणजे नाताळच्या दिवशी पोचतील. लिहिताना हसलो. नंतर दोनदा ताळा केला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज सहासष्ट.

काल पोट बरं नव्हतं, एक भाकरी दुरडीत उरली होती. आज दुरडीत नव्या तीनच होत्या. शिळी धरून चार. पूनम हिशेबी आहे.

सहासष्ट आणि तीन, हे शेजारी शेजारी लिहिल्यावर काहीतरी टोचतंय. काय ते कळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

धनगरवाड्यावर गेलो, पूनमचे आभार मानायला. ती बाहेर ओट्यावर बसली होती. म्हणालो, भाकऱ्या अगदी सासूबाईंच्या हातासारख्या होतात.

ती म्हणाली, सायेब, आमाला सुतक हाय. तेरा दिस आमी दुसऱ्याच्या चुलीला हात लावतो व्हय? तुमी सनसवाडीत काय बी खात असाल.

मी विचारलं, मग कोण येतं?

ज्योतिबा आतून म्हणाले, कवापास्नं येतंय?

मी बोटांवर दिवस मोजले. सव्वीस वर्षं कारखान्याच्या गावात राहिलो. सुतक कॅलेंडरमध्ये नसतं. माझ्या डोक्यातच आलं नाही.

खोलीवर येऊन आकडे काढले. अठ्ठ्याऐंशी, चार भाकऱ्या. सहासष्ट, तीन भाकऱ्या. एका भाकरीला बावीस. मीच काढलेलं. माझ्याच अक्षरात.

अनसाबाई. ती चालत येत नव्हती. बत्तीस दिवस वगैरे काही नाही. ती पोचलेलीच होती. भारा डोक्यावर असेल तर पट्टा शून्य दाखवतो, आणि नदीवरून ती रिकाम्या डोक्यानं कधी आली होती?

सात दिवस मी त्या भाकऱ्या खाल्ल्यात.

१ डिसेंबर, सोमवार

फेरीवर गेलो नाही. दुरडी बाहेर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराची कडी आतून लावली, पुढच्या खोलीत बसलो. साडेनऊ. भिंतीपलीकडं—

थप थप थप. थांबलं. अॅपमध्ये बावीस.

थप थप. चव्वेचाळीस.

आबांना फोन केला. म्हणाले, उंदीर असतील. मी म्हणालो, आबा, उंदीर बावीसच्या पटीत—. ते म्हणाले, तुमी जरा आराम करा, लई मोजता तुमी.

थांबल्यावर गेलो. कडी आतून तशीच. परातीवर चार भाकऱ्या, एकावर एक. परातीखाली जमीन ओली. ओल्या वाढ्याचा वास.

२ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

जातोय. सत्यजीत बाराला गाडी आणतो म्हणाला, शिरूरपर्यंत. पण खोटं प्रमाणपत्र मागं ठेवून जाणार नाही. सव्वीस वर्षांत एक खोटा शिक्का मारला नव्हता. मारला तो हाच.

अॅपमध्ये दुरुस्ती घेत नाही. ‘नोंद बंद झाली आहे.’ रुपाली मॅडमना म्हणालो, त्या बाईंचा आकडा अकरा हजार सहाशे चाळीस होता, मी मोजलाय, माझी सही खोटी आहे. त्या म्हणाल्या, सर, युजर आता ग्रीनमध्ये आहे, कशाला बिघडवायचं?

रजिस्टरमध्ये लाल आकडा खोडला. शेजारी काळ्या शाईनं खरा लिहिला. सही. तारीख.

बरं वाटेल असं वाटलं होतं.

अकरा दहा

थापण्याचा आवाज नाही. आज भाकरी नाही. सुटलो बहुतेक.

आज तेरावा दिवस.

अकरा वीस

लिहून काय उपयोग, हे आत्ता कळतंय. तिनं लिहा म्हटलं नव्हतं आधी. आधी मोजा म्हणाली होती. नदीपास्नं भारा घिऊन तुमच्या टेबलापतुर येते. तुमी मोजा. आन् मंग—

मी हो म्हणालो होतो.

अकरा पंचवीस

कडी आपोआप पडली. आतली.

पात्यांची सळसळ. भारा चौकटीला घासतोय. थेंब पडतायत. पुढच्या दाराला पोती. मी दोनदा ढकललं—

पट्टा क्र. १७ उघडून ठेवलाय समोर. शून्य. कंपनी म्हणते कुणी चालत नाहीये.

उंबरा ओलांडला. इथून टेबलापर्यंत नऊ पावलं. डाव्या हातात यंत्र आहे. मी घेतलं नव्हतं. पण आहे, आणि अंगठा आपोआप—

एक. दोन. शून्य दाखवतंय.

तीन.

चुड्याचा आवाज वरून येतोय. हात वर आहेत तिचे. दोन्ही.

चार. पाच. बाई, मी मोजतोय. खरं मोजतोय.

सहा. शून्य.

सात. वाढं माझ्या डोक्याला

आठ. न